गोरोबांचं थापटणं आणि विमानाचा पंख

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. दोन्ही बाजूंना काळं रान आणि त्यात हंगामाप्रमाणे सोयाबीन, कापूस, तूर. इथल्या माणसाला विमान गाठायचं तर नांदेडला जावं लागतं. पण हवेत तरंगण्याच्या गोष्टी ऐकायच्या तर इतकं लांब जायची गरज नाही. याच रस्त्याने पुढे जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन गुंफा आहेत आणि त्यांतल्या एका गुंफेत अंतरिक्ष पार्श्वनाथाची पाषाणमूर्ती आहे. एवढी जड मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली, बाकी सगळी अधांतरी. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला त्याच नावाचं दुसरं प्रसिद्ध क्षेत्र आहे. तिथल्या मूर्तीखालून कापड सरकवून पलीकडे काढता येतं, असं भाविक सांगतात.

त्या कापडापाशी जरा थांबायला हवं. मूर्ती अधांतरी आहे असा ज्याचा विश्वास आहे, त्याला कापड सरकवून पाहायची गरज का वाटावी? आणि पाहिलं, तर त्याची श्रद्धा कमी झाली की वाढली? श्रद्धा म्हटली की प्रश्न विचारायचा नाही, आणि प्रश्न विचारला की श्रद्धा उरली नाही, अशी सोपी वाटणी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ही वाटणी खरी आहे का, हे देवळात तपासता येतं. पण आणखी एक जागा अशी आहे, जिथे ते फार लख्ख दिसतं. ती म्हणजे विमानांची जत्रा, आणि त्या जत्रेला आलेला, घरी विमान बांधणारा माणूस.

एअर शोला लोटणाऱ्या गर्दीच्या माना वर असतात. जानेवारी 2024 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ या कसरती पथकाची हॉक विमानं आली, तेव्हा कठड्यावर बसलेल्या लोकांनी श्वास रोखून आकाश पाहिलं. ते दृश्यच तसं असतं. या ‘सूर्यकिरण’चं घर झरीपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत, बिदरला आहे, हे मराठवाड्यात फार जणांना ठाऊक नसतं. घरी विमान बांधणारा शौकीनही वर पाहतो, टाळ्या वाजवतो. पण त्याचं खरं काम कसरती संपल्यावर, जमिनीवर उभ्या विमानांच्या रांगांत सुरू होतं. तो वाकतो, पंखाच्या खालून पाहतो. रिव्हेटची ओळ सरळ आहे का, पत्र्याला कुठे सुरकुती पडली आहे का, बिजागरीच्या बोल्टला कोणता नट लावला आहे, चाकांच्या कप्प्यात तेल ओघळलंय का. ज्याने स्वतः महिनोन् महिने पत्रा कापला, भोकं पाडली, कडा घासल्या आणि चुकलेला रिव्हेट ड्रिलने काढून पुन्हा बसवला, त्याची नजर अशीच होते. सुताराच्या घरी पाहुणा सुतार आला तर तो आधी दाराचा सांधा पाहतो, तसंच हे.

महाराष्ट्रात या जातीच्या माणसाचं सर्वांना माहीत असलेलं नाव एकच, कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. गच्चीवर जायला लिफ्ट नव्हती. यंत्रं, लेथ, इंजिन, सगळं अरुंद जिन्याने वर गेलं. आधीचे प्रयत्न फसले होते, तरी काम थांबलं नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा ते विमान सुटं करून क्रेनने खाली उतरवलं आणि प्रदर्शनात पुन्हा जोडून उभं केलं. मोठमोठ्या कंपन्यांच्या मांडवांत लोकांची पावलं त्या गच्चीवरच्या विमानापाशी थांबत होती. पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी मिळवण्यात वर्षं गेली. नोव्हेंबर 2017 मध्ये नोंदणी झाली, 2019 मध्ये उड्डाणाचा परवाना आला आणि 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. या प्रवासात सरकारी दिरंगाईवर भरपूर लिहिलं गेलं, ते योग्यच होतं. पण एक गोष्ट त्या गदारोळात बाजूला पडली. परवानगीची वाट पाहणं आणि तपासणीला सामोरं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली माणसाला झिजवते, दुसरी त्याला आणि त्याच्या विमानाला पक्कं करते.

पक्कं आणि कच्चं. हे शब्द मराठी माणसाला थेट गोरोबाकाकांच्या अंगणात नेतात.

परंपरेने चालत आलेली ती गोष्ट अशी. सगळे संत जमले होते. मुक्ताबाईंना कोपऱ्यात गोरोबांचं थापटणं दिसलं. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते पाहायला, असं उत्तर आलं. मग इथली मडकीही पाहा की, असं त्या म्हणाल्या. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत पुढे सरकले. बाकीचे सगळे शांत बसले. नामदेवांना मात्र ते खपलं नाही, ते दुखावले. गोरोबांनी निवाडा दिला की एवढं एक मडकं कच्चं आहे.

हे नामदेव कोण, तर ज्यांच्या हातून खुद्द विठ्ठल जेवला, असं आपण लहानपणापासून ऐकतो ते. त्यांचं मूळ गाव म्हणून सांगितलं जातं ते नरसी, आज हिंगोली जिल्ह्यात आणि पूर्वी परभणी जिल्ह्यातच. त्यांच्या भक्तीत खोट होती का? गोष्ट तसं कुठेच म्हणत नाही. कच्चेपणा भक्तीत नव्हता. मारलेला हात सहन न होण्यात होता, आपली परीक्षा व्हावी याचाच राग येण्यात होता. वारकरी संप्रदायाने आपल्या एवढ्या लाडक्या संताबद्दल ही गोष्ट जपून ठेवली, कीर्तनांतून शेकडो वर्षं सांगितली, यात केवढा आत्मविश्वास आहे! ज्या श्रद्धेला थापटणं सोसत नाही ती अजून भाजलेली नाही, असं सांगणारी ही परंपरा. तिला अंधविश्वासाच्या खात्यात टाकणारेही तिला ओळखत नाहीत, आणि प्रश्न विचारणाऱ्यावर तिच्या नावाने डोळे वटारणारेही ओळखत नाहीत.

आता विमानाकडे येऊ. बर्ट रुटन या अमेरिकन अभियंत्याने 1970 च्या दशकात काचतंतू आणि फोम वापरून घरी बांधता येणारी विमानं आखली. ‘व्हॅरीइझी’ आणि त्यानंतरचं ‘लाँग-ईझी’ ही त्यांतली गाजलेली. अशा विमानात रिव्हेट नसतात, काचेच्या कापडाचे थर रेझिनने एकमेकांना चिकटवलेले असतात. थरांच्या मध्ये हवा राहिली किंवा पकड सुटली तर बाहेरून काही दिसत नाही. मग बांधणारा काय करतो? एक नाणं घेतो आणि पंखावर इंचाइंचावर टकटक करत जातो. पकड पक्की असेल तिथे आवाज टणक येतो, सुटली असेल तिथे बोदा. तेरच्या गोरोबा कुंभारांच्या थापटण्यात आणि या नाण्यात हत्याराचाच काय तो फरक.

गोष्ट इथे संपत नाही. कच्चे ठरलेले नामदेव गेले ते विसोबा खेचरांकडे, औंढा नागनाथला. झरी-जिंतूरचा हाच रस्ता पुढे धरला तर औंढा लांब नाही. खेचर या नावाचे दोन अर्थ सांगतात. एक, ‘खे’ म्हणजे आकाशात, ‘चर’ म्हणजे फिरणारा. नाथपंथी योगाशी ते नाव या अर्थाने जोडतात. दुसरा अर्थ बाजारात कुणालाही कळेल असा, ओझं वाहणारं जनावर. घरी विमान बांधणाऱ्याचं वर्णन करायला मराठीत याहून नेमका शब्द नसेल. आकाशात फिरायचं तर आधी इंजिन जिन्याने वर वाहायला लागतं.

शास्त्रांनी उडण्याच्या सिद्धीला फार मान दिला असंही नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत संयमाने साधणाऱ्या आकाशगमनाचा उल्लेख आहे, पण त्याच पादात सिद्धींना समाधीच्या वाटेतला अडथळाही म्हटलं आहे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरं जायला ज्ञानदेवांनी भिंत चालवली, या कथेचा रोखही भिंतीपेक्षा चांगदेवांच्या अहंकाराकडे आहे. म्हणजे उडणं ही आपल्या परंपरेत मोठी गोष्ट आहे, पण ती शेवटची गोष्ट नाही. उडणाऱ्याच्या मनात काय आहे, हे पाहिलं जातं.

मनात चांगलं असूनही माणसं मरतात, हा प्रश्न त्याहून अवघड.

ऑन्री मिन्ये हा फ्रेंच हौशी. उडणं श्रीमंतांपुरतं राहू नये, या ध्यासाने त्याने 1933 मध्ये एक चिमुकलं विमान तयार केलं. त्याचं फ्रेंच नाव ‘आकाशातली ऊ’ अशा अर्थाचं. इंग्रजीत ते ‘फ्लाइंग फ्ली’ म्हणजे उडती पिसू म्हणून प्रसिद्ध झालं. ते कसं बांधायचं यावर त्याने पुस्तक लिहिलं. लाकडी खोकं ठोकता येणाऱ्याला हेही जमेल, असा त्याचा भरवसा होता. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये लोकांनी गॅरेजांत, गोठ्यांत, बैठकीच्या खोल्यांत ही विमानं ठोकली. पुस्तक हेच त्यांचं शास्त्र, मिन्ये हा गुरू. स्वतः मिन्ये ते विमान लीलया उडवत होता, म्हणजे गुरूची प्रचितीही समोर होती. मग अपघात होऊ लागले. विमान नाक खाली करायचं आणि वर यायचंच नाही. चालवणारा दांडा मागे ओढायचा तसं ते आणखी खाली जायचं. 1936 मध्ये इंग्लंडमध्ये फार्नबरोला अख्खं विमान वाताच्या बोगद्यात ठेवून तपासलं. पुढच्या आणि मागच्या पंखांमधली फट अशी होती की ठरावीक कोनापलीकडे नाक झुकलं की विमान सावरूच शकत नव्हतं. त्याला उडू देणं तिथे बंद झालं. पुढे पंखांची मांडणी बदलून सुधारलेली रूपं निघाली.

मिन्ये खोटा नव्हता. तो लबाड असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्याचं प्रेम खरं होतं, त्याचा अनुभवही खरा होता, फक्त त्याच्या अनुभवात तो एक कोन कधी आला नव्हता. शेजारच्याच जालना जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त शास्त्रप्रचिती, गुरुप्रचिती आणि आत्मप्रचिती अशा तीन प्रचिती सांगितल्या आणि तिन्हींचा मेळ पडावा असा आग्रह धरला. तो आग्रह अध्यात्मासाठी होता. पण ‘फ्ली’ बांधणाऱ्यांच्या नशिबी जे आलं ते पाहिलं की त्याची धार कळते. नुसता ग्रंथ पुरत नाही आणि नुसता गुरूही पुरत नाही. एकट्याच्या अनुभवाने तर काही वेळा पुन्हा सांगायलाही माणूस उरत नाही.

म्हणूनच अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला पहिले काही तास, बहुधा पंचवीस ते चाळीस, ठरलेल्या मोकळ्या टापूतच उडावं लागतं, आणि त्या काळात पाहुणे बसवता येत नाहीत. आत्मप्रचिती स्वतःच्या जिवावर घ्यायची, दुसऱ्याच्या नाही. याहून धार्मिक नियम सरकारी कागदांत क्वचितच सापडेल. पुढेही त्या विमानात शिरताना ठळक अक्षरांत ‘प्रायोगिक’ असा शब्द दिसलाच पाहिजे, आणि हे विमान हौशी माणसाने बांधलेलं असून नेहमीच्या विमानांचे सुरक्षानियम याला लागू झालेले नाहीत, अशी पाटी आत लावलीच पाहिजे. बाबा-महाराजांच्या दारावर अशी पाटी कधी दिसली आहे? आपल्या कर्तृत्वावर स्वतःच असा शब्द लिहून घेणारा माणूस खरा नम्र म्हणावा.

पण विमान विकलं जातं, हात बदलतात, आणि मग बांधणाऱ्याचं कर्म दुसऱ्याला भोगावं लागतं. 12 ऑक्टोबर 1997 रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘लाँग-ईझी’ घेऊन समुद्रात पडला. विमान त्याने नुकतंच विकत घेतलं होतं. ज्याने ते बांधलं त्याने इंधनाची टाकी बदलण्याची कळ मूळ आराखड्यातल्या जागी न ठेवता चालकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. हेतू चांगला होता, बसायच्या जागेत इंधनाची नळी नको. ती कळ फिरवायला मात्र मागे वळावं लागे. तपास यंत्रणेने अपघाताच्या कारणांत त्या जागेचाही उल्लेख केला. गीतेतल्या कर्माच्या चर्चेत आपण फळाची आशा सोडण्यावर फार बोलतो. फळ कुणाच्या पदरात पडणार, याची काळजी सोडायला मात्र गीतेने कुठे सांगितलेलं नाही. एक कळ कुठे बसवायची, हा पूर्णपणे नैतिक प्रश्न आहे.

आपल्याकडे विमानाच्या गोष्टीला आणखी एक दुखरी बाजू आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, असं कित्येक मराठी घरांत अभिमानाने सांगितलं जातं. त्याचा समकालीन ठोस पुरावा मिळत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार दिला जातो, त्याचा 1974 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी अभ्यास केला. हा ग्रंथ 1904 च्या आधीचा नाही, आणि त्यात वर्णिलेलं एकही विमान उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तरी 2015 च्या जानेवारीत मुंबईच्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर भाषण झालंच. तळपद्यांची चेष्टा करावी असं यात काही नाही. त्या काळात मुंबईच्या एका माणसाला उडण्याचा ध्यास लागला असेल तर तो ध्यास वंदनीयच. अन्याय त्याच्यावर झाला आहे तो नंतरच्या भक्तांकडून. त्यांनी त्याचं मडकं कुणाला थापटूच दिलं नाही. राइट बंधूंच्या 17 डिसेंबर 1903 च्या पहिल्या उड्डाणाची लांबी आपल्याला ठाऊक आहे, 120 फूट, वेळ 12 सेकंद. इतके लहान आकडे त्या भावांनी न लाजता लिहून ठेवले, म्हणून ते मोठे झाले.

पूजेचं काय, असा प्रश्न उरतो. दसऱ्याला झरीत ट्रॅक्टरला हार पडतो, पान्ह्यांना आणि वेल्डिंगच्या मशीनला हळदकुंकू लागतं. 8 ऑक्टोबर 2019 रोजी, दसऱ्यालाच, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्समध्ये पहिल्या राफेलची शस्त्रपूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि देशभर वाद झाला. त्या वादात दोन्ही बाजूंनी लिंबाकडेच पाहिलं. खरं तर खंडेनवमीला हत्यार पूजायचं तर आधी ते घासून, पुसून, तेल लावून ठेवावं लागतं. आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून असंच आहे. गंजलेल्या विळ्याला कुंकू लावणारी बाई गावात कुणी पाहिली नसेल. घासताना मुठीची ढिली खीळ हाताला लागते, पात्याला गेलेला तडा दिसतो. पूजा ही तपासणीची तिथी होती. लिंबू ठेवलं की नट आवळल्यासारखा होतो, असं ज्याला वाटतं तो विज्ञानात चुकतोच, शिवाय पूजेतही चुकतो.

घरी विमान बांधणाऱ्यांची सगळ्यात मोठी जत्रा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉशला जुलैअखेरीस भरते. 1953 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेचा हा मेळा. दहा हजारांवर विमानं उतरतात, सहा-सात लाख माणसं येतात आणि कित्येक जण आपल्याच विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून आठवडा काढतात. आषाढीला पंढरीत ज्याने राहुटी ठोकली आहे त्याला हे दृश्य परकं वाटणार नाही. प्रत्येक विमानाच्या पंख्यापाशी पाटी असते, कुणी बांधलं, किती वर्षं लागली, इंजिन कोणतं. तिथे मांडवांत नवख्यांना रिव्हेट मारायला, वेल्डिंग करायला शिकवतात. आणि जरा बाजूला एक लहानसं प्रार्थनागृह आहे. त्याच्यामागे भिंत आहे, तिच्यावर गेलेल्या उड्डाणप्रेमींची नावं कोरलेली आहेत. त्यांतले काही म्हातारपणाने गेले, काही विमानातच. मेळ्याला आलेली माणसं वाट वाकडी करून तिथे जातात आणि नाव शोधून त्यावर हात ठेवतात.

मग परत रांगांत येतात आणि पुन्हा वाकतात. अनोळखी माणूस आपल्या विमानाखाली टॉर्च आणि आरसा घेऊन शिरला तर इथल्या मालकाला राग येत नाही. तो खुर्चीवरून उठतो, झाकण उघडून देतो, हा सांधा नीट पाहा, इथे माझं मन अजून मानत नाही, असं स्वतःच सांगतो. नट आवळून झाला की त्यावरून बोल्टपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची पद्धत आहे. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पाहुणा टॉर्चच्या उजेडात एकेक रेघ पाहत जातो, पिवळी, पिवळी, पिवळी. एका ठिकाणी थांबतो, बोट ठेवतो, मालकाला जवळ बोलावतो. दोघंही पोटावर झोपून त्या नटाकडे पाहत राहतात, आणि वर चाललेल्या कसरतीच्या आवाजाने गवत थरथरत असतं.